हॅडिंग्टन : बाजारगाव आणि त्याचं चर्च

एडिंबरापासून पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटरवर, टाइन नदीच्या काठी वसलेलं हे हॅडिंग्टन. (न्यूकॅसलची टाइन वेगळी. ही स्कॉटलंडमधली, बरीच लहान.)

गावात हाय स्ट्रीट आणि मार्केट स्ट्रीट असे दोन रस्ते जवळजवळ समांतर जातात. मध्ययुगात इथे एकच ऐसपैस, त्रिकोणी बाजार भरायचा. पुढे बाजाराच्या मधल्या जागेतच दुकानं आणि पक्की घरं उभी राहिली, आणि एका बाजाराचे दोन रस्ते झाले. भोवती गहू-बार्लीची कसदार जमीन असल्यामुळे गावात पैसा खेळत राहिला. अठराव्या शतकातलं, विल्यम ॲडमच्या आराखड्याचं टाउन हाउस, म्हणजे नगरभवन, आजही दिमाखात उभं आहे.

पण इंग्लंडहून येणाऱ्या फौजांच्या वाटेवरचं हे गाव वारंवार जळलं. १५४८ साली इंग्रजांनी ते ताब्यात घेतलं, तेव्हा स्कॉट आणि फ्रेंच सैन्यानं वेढा घातला. वेढा चालू असतानाच, जुलैमध्ये, गावाजवळच्या ख्रिस्ती जोगिणींच्या (नन्सच्या) मठात स्कॉटिश संसद भरली आणि पाच वर्षांच्या मेरी राणीचं लग्न फ्रान्सच्या युवराजाशी ठरलं. एवढ्याशा मुलीच्या आयुष्याचा निर्णय तोफांच्या आवाजात झाला!

या वेढ्याची सर्वात मोठी झळ बसली सेंट मेरी चर्चला. नदीकाठचं हे चर्च सुमारे ६३ मीटर लांब आहे. वेढ्यात त्याची पार दुर्दशा झाली. नंतर गावाला पश्चिमेकडचा भागच दुरुस्त करणं परवडलं. मध्ये भिंत घालून तिथे प्रार्थना सुरू झाली, आणि पूर्वेकडचा भाग चारशे वर्षं उघडा पडून राहिला. आपल्या पत्रांमुळे आजही वाचली जाणारी जेन वेल्श कार्लाइल ही हॅडिंग्टनची लेक. १८६६ साली तिला त्या बिनछपराच्या भागातच, वडिलांच्या कबरीत पुरलं.

१९७०च्या दशकात मधली भिंत निघाली आणि वर छत आलं. आता मान वर करून नीट पाहा. पूर्वेकडच्या कमानी दगडी वाटतात, पण त्या फायबरग्लासच्या आहेत. जुन्या भिंतींवर भार नको म्हणून केलेली ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. पश्चिमेच्या दारात उभं राहिलं, की आज नजर थेट पूर्वेच्या मोठ्या खिडकीपर्यंत पोहोचते.