जोर मारले, पण ओढलं किती?

मंडळी, नमस्कार. कोल्हापुरात येऊन व्यायामावर बोलायचं म्हणजे जरा धाडसच आहे. इथं पेठेपेठेत तालीम, आणि घरटी एक तरी माणूस असा की जो मला खाली बसवून दोन गोष्टी शिकवेल. म्हणून ताकद कशी कमवायची, खुराक काय घ्यायचा, या वाटेला मी जातच नाही. प्रश्न एवढाच घेऊन आलोय की आपण जो घाम गाळतो, त्यातला वाटा अंगातल्या सगळ्या स्नायूंना मिळतो का?

जिममधल्या पोरांचं वेळापत्रक बघा. सोमवारी चेस्ट. सोमवारी संध्याकाळी कुठल्याही जिममध्ये जा, पडून वजन वर ढकलायच्या बेंचसाठी रांग लागलेली असते. मंगळवारी बायसेप, म्हणजे दंडाचा पुढचा भाग, बुधवारी खांदे, गुरुवारी पुन्हा थोडं चेस्ट, कारण सोमवारी मन भरलेलं नसतं. पाठ शुक्रवारी, जमलं तर. पाय शनिवारी, आणि शनिवारी गडी पन्हाळ्यावर! हसू नका, तुमच्यातलेच आहेत.

यावर उपाय म्हणून काही जण दुसऱ्या टोकाला जातात. छातीचे दहा सेट, म्हणजे विश्रांती घेत घेत दहा फेऱ्या, पाठीचे दहा, बायसेपचे दहा, ट्रायसेपचे दहा, झाला समतोल. कागदावर झाला, अंगात नाही झाला. बेंच मारताना दंडाचा मागचा भाग, म्हणजे ट्रायसेप, प्रत्येक सेटमध्ये राबत असतो. वर त्याचे वेगळे दहा सेट लावले की त्याच्या वाट्याला जवळजवळ दुप्पट काम आलं. पुल-अप मारताना, म्हणजे बारला लटकून अंग वर ओढताना, किंवा वजन पोटाकडं ओढताना बायसेपचंही तेच होतं. आणि कुल्ल्याचा मोठा स्नायू, ग्लूटियस मॅक्सिमस, शरीरातला सगळ्यात मोठा. त्याचं वेळापत्रकात नावच नसतं.

तेव्हा स्नायूंची नावं घेऊन वाटणी करू नका, हालचालींची करा. ढकलणं, ओढणं, बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, आणि वजन घेऊन चालणं. एवढ्या पाच हालचाली झाल्या की बहुतेक मोठे स्नायू त्यात येऊन जातात.

आता तालमीकडं वळतो, कारण माझा खरा मुद्दा तिथं आहे. जोर म्हणजे काय? छाती, खांदे, ट्रायसेप. शिवाय कमरेपासून पाठीच्या कण्यापर्यंत सगळं लवचिक ठेवणारी हालचाल. बैठक म्हणजे मांडीचा पुढचा भाग, आणि टाच उचलून मारल्यानं पोटरी. दोन्ही उत्तम. पण नीट बघा, या दोन्हींत ओढणं कुठं आहे? कुठंच नाही. जोर म्हणजे जमिनीला ढकलणं आणि बैठक म्हणजे पायांनी ढकलणं.

मग जुन्या पैलवानांच्या पाठी तशा रुंद कशा झाल्या? कारण जोर-बैठका हा तालमीतला अर्धाच व्यायाम होता. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती फावड्यानं उकरायची, त्यात कंबर, पाठ आणि मनगट. दोर चढायचा, मल्लखांबाला बिलगायचं, त्यात पाठ आणि पकड. आणि मग लढत. समोरच्याचा पट काढायचा म्हणजे त्याचा पाय आपल्याकडं ओढायचा. मानेवर हात टाकून त्याला खाली खेचायचं, त्यानं खेचलं तर मान ताठ ठेवायची. ओढण्याचा सगळा व्यायाम जोडीदाराच्या अंगावर होत होता. वस्तादांनी कागदावर कधी लिहून दिलं नाही, पण हिशेब पुरा होता.

घोटाळा पुढं झाला. कुस्ती सुटली, जोर-बैठका राहिल्या. पोरगं घरच्या गच्चीवर रोज शेकड्यानं जोर मारतं, फोटो काढतं, आणि त्याला वाटतं आपण तालमीचा व्यायाम करतोय. तालमीतला ढकलायचा भाग तेवढा त्यानं घरी आणला, ओढायचा भाग हौद्यातच राहिला. त्यात दिवसभर मोबाईल नाहीतर गाडीचं हँडल, म्हणजे हात सारखे पुढंच. अशा पोराला मी आणखी जोर सांगत नाही, सिंगल बारला लटकायला सांगतो. शंभर जोर सहज मारणारा बारवर तिसऱ्या पुल-अपला पाय झाडायला लागतो, तेव्हा त्याला न सांगताच कळतं.

खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1952 ला हेलसिंकीत कुस्तीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगट 57 किलो. वजनाची अशी हद्द असली की अंगावरचा प्रत्येक किलो कामाचा लागतो. नुसता दंड फुगवून वजन वाढवलं तर ते वजन आखाड्यात तुम्हालाच वागवावं लागतं.

फुटबॉलवाल्यांनी आता जरा कान द्या. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम... आपल्या फुटबॉल संघांच्या नावातच तालीम आहे. पण शाहू स्टेडियमवर मॅच बघताना कोणी अचानक मांडीच्या मागं हात लावून थांबला की समजायचं, हॅमस्ट्रिंग गेली. का जाते? जोरात पळताना पाय पुढं फेकला जातो आणि टाच टेकायच्या आधी त्या पायाला आवरायचं काम मागचे स्नायू करतात, म्हणजे गाडीचा ब्रेकच. त्या क्षणी ते ताणलेले असतात आणि ताणलेल्या अवस्थेतच त्यांच्यावर भार पडतो. पुढची मांडी शूट मारून मारून दणकट झालेली, आणि ब्रेक मात्र कच्चा. यावर नॉर्डिक नावाचा साधा व्यायाम आहे. गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढं झुकत जायचं. तो नियमित करणाऱ्या संघांमध्ये हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलेलं आहे. खर्च शून्य. तरी करत कोण नाही, कारण मागची मांडी आरशात दिसत नाही. पहिल्या आठवड्यात अंग भयंकर दुखतं, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी सुरू करू नका.

किती करायचं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान 2 दिवस सगळ्या प्रमुख स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा. नवख्यानं तर रोज एकेक अवयव धरून बसूच नये. आठवड्यात तीन दिवस, एकाआड एक, आणि दर दिवशी सगळं अंग. याचा एक फायदा असा की पन्हाळ्यामुळं एखादा दिवस बुडाला तरी पायांचा अख्खा आठवडा बुडत नाही. पुढं वाढ हवी असेल तर एकेका मोठ्या स्नायूला आठवड्याला दहाएक सेट हे बरं प्रमाण आहे, आणि त्यात दुसऱ्या व्यायामातनं आडून मिळालेलं कामही धरायचं. ज्यांची छाती पुढं गेलीय आणि पाठ मागं राहिलीय, त्यांनी काही महिने ओढण्याचे सेट ढकलण्यापेक्षा जास्त ठेवावेत. आणि जे अंग मागं पडलंय ते व्यायामाच्या सुरुवातीला घ्यावं. शेवटी ठेवलं की ते उरकलं जातं.

पोटाबद्दल एकच वाक्य: क्रंच मारून, म्हणजे उताणं पडून खांदे वर उचलून, पोटाचा स्नायू घट्ट होतो, त्याच्यावरची चरबी मात्र तिथनंच जाईल असं होत नाही. तांबड्या-पांढऱ्याला मी काही बोलत नाही, मला सुखरूप घरी जायचंय.

मघाशी मागनं एका काकांनी विचारलं, आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हाला कशाला व्यायाम? काका, ऊस तोडताना तुम्ही कमरेतनं वाकता, ओढता, मोळी उचलता, वाहता. जिमवाल्यांना जे जमत नाही ते तुमचं रोजचं आहे. पण कोयता कायम एकाच हातात, वळणं कायम एकाच बाजूला, आणि डोक्याच्या वर हात नेऊन करायचं काम जवळजवळ नाहीच. तेव्हा जोर-बैठका तुम्ही थोड्या मारल्या तरी चालेल. आंब्याच्या दणकट फांदीला दोन्ही हातांनी लटका, मोकळ्या हाताला एखादी जड घागर देऊन बांधापर्यंत चालून या, आणि दुसऱ्या बाजूनं वळायची सवय लावा. कोयता मात्र हात बदलून चालवायला जाऊ नका.