दोन टक्के काजळी

7 मार्च 2005 रोजी अमेरिकेत सॅन डिएगोला एक पंजाची लढत झाली. एका बाजूला 17 वर्षांची शाळकरी मुलगी, समोर आळीपाळीने तीन कृत्रिम हात. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले योसेफ बार-कोहेन यांनी 1999 मध्ये आव्हानच दिलं होतं, की विजेवर आकुंचन-प्रसरण पावणाऱ्या पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंच्या प्लास्टिकजातीच्या पदार्थाचे, स्नायू करा आणि माणसाशी पंजा लढवून दाखवा. मुलीने तिन्ही हात पाडले. त्यातला सगळ्यात चिवट 26 सेकंद टिकला. व्हर्जिनिया टेकच्या विद्यार्थ्यांचा हात 3 सेकंदांत आडवा.

तुम्ही हसलात, पण माझा जीव त्या 3 सेकंदांवर आहे. तो हात धाग्यांचा होता. आपले अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर ज्या पॉलिमरचे, त्याच जातीचे तंतू. आणि मी जन्मभर सुतात रमलेला माणूस.

आता धागाच का, पट्टी का नाही? या प्रकारच्या स्नायूत वीज दिली की भोवतालच्या द्रावातले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, पॉलिमरच्या आत शिरतात किंवा बाहेर पडतात. त्याने तो फुगतो, आक्रसतो. आयनांना आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने वाढतो. जाडी निम्मी केली, तर वेळ पावपट. म्हणजे बारीक सूत हवं. बारीक सुतं पुष्कळ एकत्र बांधली की ताकदही मिळते. आपले स्नायूही असेच बांधलेले आहेत.

पॉलीॲनिलीन नावाचं पॉलिमर घ्या. स्वस्त, बनवायला सोपं, आणि साधारण एका व्होल्टवर हलतं. पण त्याच्यात दोन खोडी. हिरवं असतं तेव्हा ते वीज वाहतं. विजेच्याच करामतीने फिकट पिवळं झालं की वाहायचं थांबतं. धाग्याच्या वरच्या टोकाला चिमटा लावला, तर चिमट्याजवळचा भाग छान हलतो आणि खालचा नुसता लोंबत राहतो. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतासारखं. पाणी सोडलंय खरं, पण पोचत नाही. दुसरी खोड म्हणजे वजन टांगलं की धागा दर फेरीला थोडाथोडा लांबतो आणि परत येत नाही. कपडे वाळत घालायची नवी दोरी आठवड्याभरात कशी झोळते, तसं.

इथे कार्बन नॅनोट्यूब येतात. जपानच्या सुमिओ इजिमांनी 1991 मध्ये त्यांच्याकडे जगाचं लक्ष वेधलं. काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश जाडीच्या, त्या मानाने हजारपट लांब कार्बनच्या नळ्या. डोळ्यांना दिसते ती निव्वळ काजळी. वीज वाहतात, आणि ओढल्या तर सहजी तुटत नाहीत. दोन्ही खोडींवर एकच औषध!

औषध द्यायचं कसं, यात मात्र माझी वर्षं गेली. घरी ज्यांनी उपमा केलाय, त्यांना सांगायला नको. रवा एकदम ओतला की गुठळ्या. या नळ्या एकमेकींना इतक्या बिलगतात की द्रावात टाकल्यावर त्यांचे पुंजके होतात. पहिल्यांदा काढलेला धागा मी भिंगाखाली धरला, तर केसाएवढ्या त्या दोऱ्यात मध्येच एक काळी गाठ, साप उंदीर गिळून पडलाय तशी. वजन लावलं, बरोबर तिथेच तुटला. मग अल्ट्रासाउंडने ढवळायचं. कमी ढवळलं तर गुठळ्या तशाच, जास्त ढवळलं तर नळ्यांचेच तुकडे. ढवळलेला द्राव सुईतून दुसऱ्या द्रवात सोडला की त्याचा धागा होतो. तो तापवून ताणला की नळ्या धाग्याच्या दिशेने रांगेत येतात.

ऑस्ट्रेलियातल्या वोलाँगाँग विद्यापीठात जेफ्री स्पिंक्स, गॉर्डन वॉलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये असे पॉलीॲनिलीनचे धागे दाखवले. नळ्यांचं प्रमाण वजनाच्या 2 टक्क्यांपर्यंत. ते 100 मेगापास्कलच्या वरच्या ताणाखालीही हलत होते. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या सुताला 10 किलो टांगायचे आणि ते सुताने उचलायचे, असं समजा. आपला स्नायू याच्या तीनशेव्या भागाच्या आसपास. भार वाढला की हालचाल घटते, हे ओघाने आलंच. त्यामुळे "स्नायूला मागे टाकलं" अशी बातमी वाचली, की मी आधी विचारतो, किती हललं? आणि किती वेळात?

आता एक गंमत. नळ्या एका रांगेत आणल्या की ताकद वाढते, पण शेजारणीला शेजारीण कमी शिवते. जमिनीवर आगकाड्या विस्कटून टाकल्या तर थोड्याशाच काड्यांत या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वाट तयार होते. त्याच काड्या समांतर मांडल्या तर होत नाही. पॉलीॲनिलीनमध्ये हे निभतं, कारण हिरवं असताना मधली फट पॉलिमरच सांधतं.

पीव्हीडीएफचं उलट. दाबलं की वीज देणारं हे प्लास्टिक. 1969 मध्ये हेइजी कावाई यांनी त्याचा हा गुण दाखवला. तो गुण जागवायला जाडीच्या दर मायक्रोमीटरला 50 व्होल्टच्या घरातला विजेचा दाब द्यावा लागतो. इथे नळ्यांची सलग वाट झाली, की संपलं. शॉर्ट. म्हणून इथे चिमूटभरच घालायच्या, पॉलिमरच्या साखळ्यांना योग्य घडीत बसायला आधार होईल इतक्याच. काजळी तीच, पण एका धाग्यात वाट व्हायला हवी आणि दुसऱ्यात होताच कामा नये. "किती टक्के घालू?" असं विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, कशात?

या दोन बाटल्या आणल्या आहेत. एकीत काजळी रात्रीत तळाला बसली, दुसरी महिनाभर शाईसारखी आहे. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. झाकण मात्र उघडू नका. कोरडी झालेली ही पूड श्वासात जाणं बरं नव्हे, आम्हीही मास्क लावूनच हाताळतो.