पंधरा मतं, आठ मतं

(पडद्यावर: क्लीव्हलंडचं म्युनिसिपल स्टेडियम, प्रखर दिव्यांखाली भरलेली गॅलरी.)

ही १९४१ च्या अमेरिकन बेसबॉल हंगामाची आणि त्यातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्काराची गोष्ट. १७ जुलै १९४१ ची रात्र. क्लीव्हलंडच्या या मैदानावर ६७,४६८ माणसं आली आहेत. न्यूयॉर्क यांकीजचा जो डिमॅजिओ आजही हिट मारतो का, म्हणजे चेंडू फटकावून बाद न होता निदान पहिल्या बेसपर्यंत, मैदानावरच्या पहिल्या थांब्यापर्यंत, पोहोचतो का, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेत.

१५ मेपासून त्याचा एकही सामना कोरडा गेलेला नाही. सलग छप्पन्न सामने. वाटेत जॉर्ज सिसलरचा १९२२ मधला ४१ सामन्यांचा विक्रम मागे पडला, मग विली कीलरचा १८९७ चा, ४४ सामन्यांचा. आज थर्ड बेसवर, म्हणजे तिसऱ्या थांब्यापाशी, क्लीव्हलंडचा केन केल्टनर क्षेत्ररक्षणाला आहे. तो बराच मागे, फाउल लाइनच्या, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेच्या, अगदी जवळ उभा राहिलाय. दोनदा डिमॅजिओचा फटका त्या लाइनलगत सुसाट येतो आणि दोन्ही वेळा केल्टनर उलट्या हाताने तो अडवून फर्स्ट बेसकडे फेकतो. दोन्ही वेळा डिमॅजिओ बाद. आठव्या इनिंगमध्ये शेवटची संधी येते. चेंडू शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, लू बुड्रोच्या हातात जातो आणि डबल प्लेमध्ये, एकाच फटक्यावर, दोघे बाद होतात.

मालिका तुटली. दुसऱ्या दिवशी समोर क्लीव्हलंडचा बॉब फेलर होता, त्या काळातला सगळ्यांत वेगवान पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याच्या चेंडूवर डिमॅजिओने हिट मारला आणि पुढचे सोळा सामने तो पुन्हा थांबला नाही. म्हणजे ७३ सामन्यांपैकी ७२ सामन्यांत हिट.

आता दुसरा माणूस. बॉस्टन रेड सॉक्सचा टेड विल्यम्स, ऑगस्टअखेर तेविशीत आलेला.

बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी धावांवरून काढत नाहीत. मारायच्या किती संधी मिळाल्या आणि त्यांत किती हिट पडले, एवढाच हिशेब. हजार संधींमागे तीनशे हिट असले तरी माणूस उत्तम फलंदाज मानला जातो. चारशेचा टप्पा त्याआधी १९३० मध्ये बिल टेरीने गाठला होता, ४०१.

(पडद्यावर: फिलाडेल्फियातलं शाइब पार्क.)

२८ सप्टेंबर, हंगामाचा शेवटचा दिवस. विल्यम्सचे ४४८ संधींत १७९ हिट झाले होते. भागाकार केला तर ०.३९९५५. तीन अंकांत लिहायचं तर हे ४०० होतं. बसून राहिला असता तर वहीत चारशे लागले असते. मॅनेजर जो क्रोनिनने तशी मोकळीकही दिली होती. आदल्या रात्री विल्यम्स क्लबहाउस सांभाळणाऱ्या जॉनी ऑर्लँडोबरोबर फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवर कितीतरी वेळ चालत राहिला. त्याला बाकावर बसून मिळालेले चारशे नको होते.

त्या दिवशी लागोपाठ दोन सामने होते आणि तो दोन्ही खेळला. पहिल्यात पाच संधींत चार हिट. दुसऱ्यात तिनांत दोन, त्यांतला एक फटका उजवीकडच्या भिंतीवरच्या लाउडस्पीकरच्या कर्ण्यावर जाऊन आदळला. आठांत सहा. ४५६ संधी, १८५ हिट. सरासरी ४०६.

त्यानंतर मेजर लीगच्या दोन भागांत, अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये, कुणीही पूर्ण हंगामात चारशेपर्यंत पोहोचलेलं नाही.

मग मतदान झालं. अमेरिकन लीगच्या आठ शहरांतले प्रत्येकी तीन असे २४ पत्रकार 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर', म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, निवडायचे. पहिल्या पसंतीची पंधरा मतं डिमॅजिओला, आठ विल्यम्सला आणि एक शिकागो व्हाइट सॉक्सचा पिचर थॉर्न्टन ली याला. गुणांत डिमॅजिओ २९१, विल्यम्स २५४.

हा निर्णय वाऱ्यावर घेतलेला नव्हता. यांकीजने १०१ सामने जिंकले आणि रेड सॉक्स १७ सामन्यांनी मागे राहिले. डिमॅजिओ सेंटर फील्डचं भलंमोठं अंगण एकटा सांभाळायचा, तर विल्यम्सकडे लेफ्ट फील्ड होतं आणि क्षेत्ररक्षणाचं त्याला वेड नव्हतं. डिमॅजिओने हंगामात ३० होम रन मारले, म्हणजे एकाच फटक्यात सगळे बेस फिरून यायचे फटके, आणि तो स्ट्राइकआउट, म्हणजे फटका न लावताच बाद, झाला फक्त १३ वेळा. एवढ्या जोरात बॅट फिरवणारा माणूस इतक्या कमी वेळा चुकतो, हे मला छप्पन्नच्या आकड्याहूनही मोठं वाटतं.

तरीही माझं मत विल्यम्सला.

होम रन विल्यम्सचे ३७. आणि ज्या छप्पन्न सामन्यांत सगळा देश डिमॅजिओकडे बघत होता, त्याच दिवसांत डिमॅजिओची सरासरी ४०८ होती, विल्यम्सची ४१२. पण खरा फरक वॉकमध्ये आहे. पिचरने चार चेंडू मारण्याच्या कक्षेबाहेर टाकले की फलंदाजाला पहिला बेस मिळतो. ती संधी सरासरीत धरत नाहीत. त्या काळी ती पिचरची चूक समजली जायची, फलंदाजाचा संयम तिथे कुणाला दिसत नव्हता. विल्यम्सला जवळजवळ दीडशे वॉक मिळाले, डिमॅजिओला ७६. हिट, वॉक सगळं धरलं तर विल्यम्स शंभरातल्या पंचावन्न वेळा बेसवर पोहोचत होता. हे मोजमाप मेजर लीगच्या अधिकृत आकडेवारीत आलं १९८४ मध्ये. पत्रकारांच्या हातात १९४१ मध्ये ते नव्हतंच. छप्पन्नचा आकडा मात्र रोज सकाळी पेपरात एकाने वाढत होता.

(पडद्यावर: डेट्रॉइट, ८ जुलै, ऑल-स्टार सामना.)

त्या हंगामात हे दोघे एकदाच एकाच संघात होते, दोन्ही लीगांच्या निवडक खेळाडूंच्या या सामन्यात. नववी इनिंग, अमेरिकन लीग मागे. डिमॅजिओचा फटका सरळ शॉर्टस्टॉपच्या हातात गेला. तिथे डबल प्ले पूर्ण झाला असता तर सामना तिथेच संपला असता. फेक जराशी भरकटली आणि डिमॅजिओ पहिल्या बेसवर सुखरूप पोहोचला. पुढचा फलंदाज विल्यम्स. त्याने होम रन मारला, डिमॅजिओ त्याच्यापुढे धावत घरी आला आणि सामना ७-५.

नॅशनल लीगचा पुरस्कार ब्रुकलिन डॉजर्सच्या डॉल्फ कॅमिलीला मिळाला. त्याच संघातला बावीस वर्षांचा पीट रीझर दुसरा. अमेरिकन लीगच्या यादीत तिसरा आलेला फेलर २५ सामने जिंकला होता. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर दोनच दिवसांत तो नौदलात भरती झाला.

पण ज्या मतपत्रिकांबद्दल मी बोलतोय, त्यांवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूचं नाव येणं शक्य नव्हतं. दोन्ही लीगांची दारं त्यांना बंद होती. जॅकी रॉबिन्सन आत आला तो एप्रिल १९४७ मध्ये. १९४१ च्या उन्हाळ्यात पिचर सॅचेल पेज निग्रो लीग्जमध्ये, म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या लीगांत, कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून चेंडू टाकत होता. त्याच लीगांतला जॉश गिब्सन तर मेक्सिकोत जाऊन खेळत होता. रॉय कॅम्पनेला नावाचा एकोणीस वर्षांचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, बाल्टिमोर एलिट जायंट्समध्ये होता. दार उघडल्यावर याच कॅम्पनेलाने हाच पुरस्कार नॅशनल लीगमध्ये तीनदा पटकावला, १९५१, १९५३ आणि १९५५ मध्ये. निग्रो लीग्जना मेजर लीगचा दर्जा मिळायला २०२० चा डिसेंबर उजाडला आणि त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत आले २०२४ मध्ये.

(पडद्यावर: कूपर्सटाउन, जुलै १९६६.)

विल्यम्सचा हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात, प्रवेश झाला तो दिवस. व्यासपीठावरून त्याने आभार मानले आणि मग दोन नावं घेतली, सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन. त्यांना संधी दिली गेली नाही म्हणून ते इथे नाहीत, एक दिवस त्यांचीही नावं इथे लागावीत, असं तो म्हणाला.

पेज १९७१ मध्ये आत आला. गिब्सन १९७२ मध्ये, मरणानंतर पंचवीस वर्षांनी.