राजवाड्यात कोणीतरी वाट बघतंय

(दृश्य: टेबलावर ड्रॉइंग टॅबलेट. पडद्यावर पांढरा आडवा आयत. तीन उभ्या रेषा ओढल्या जातात.)

चार चौकटी. अजून रिकाम्या. आज रात्रीपर्यंत यांत एक विनोद बसवायचा आहे, आणि तो गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात घोळतोय.

झालं असं, की मी एक रोल-प्लेइंग गेम खेळत होते. गोष्ट नेहमीची, आणि मला ती नेहमीचीच आवडते. दुष्ट राजा डोंगरावरच्या किल्ल्यात बसलाय, आकाश लाल झालंय, जगाचा शेवट घटकाभरावर आलाय. गावात जो भेटेल तो माझ्या हिरोला एकच सांगतो, "घाई कर!" मी मात्र हिरोला तळ्याकाठी नेलं आणि गळ टाकून बसवलं. एक मासा फक्त पावसात गळाला लागतो. तो मिळाला, मग म्हटलं आता सगळ्या जाती पूर्ण करूया. सेव्ह फाइलवर खेळलेले तास दिसतात. बघते तर 41.

आणि तेव्हा मनात आलं: तो राजा आत्ता काय करत असेल?

गेमवरची विनोदी चित्रकथा बहुतेक वेळा अशाच एखाद्या साध्या प्रश्नातून निघते. प्रोग्रॅमच्या दृष्टीने त्या राजाला वाट बघावी लागत नाही. मी दार उघडलं की तो मेमरीत लोड होतो, हात उंचावतो आणि भाषण सुरू करतो. त्याआधी तो कुठेच नसतो. पण ज्याने त्या जगात इतके तास काढलेत, त्याला हे पटणं शक्य नाही. त्याच्या लेखी राजा तिथेच असतो. उभा असतो.

(दृश्य: पहिल्या चौकटीत पुसट पेन्सिलने किल्ला, लाल आकाश, पुढे पाठमोरा हिरो.)

गेम जिथे गप्प बसतो, तिथे वेबकॉमिकवाला, म्हणजे इंटरनेटवर चित्रकथा काढणारा, बोलायला लागतो. याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 1987 च्या 'फायनल फँटसी'चं आहे. त्या गेममध्ये जग वाचवायला निघालेले चार वीर असतात. खेळणाऱ्याने त्यांचे पेशे निवडायचे, प्रत्येकाला चार अक्षरांचं नाव द्यायचं आणि निघायचं. अख्ख्या प्रवासात ते चौघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. 2001 मध्ये ब्रायन क्लेव्हिंजर यांनी नेमकं ते मौन उचललं आणि 'एट-बिट थिएटर' नावाचं वेबकॉमिक सुरू केलं. त्यातला फायटर मनाने निर्मळ आहे, पण तलवारीपलीकडे त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. ब्लॅक मेज ('मेज' म्हणजे जादूगार) जगाला वाचवण्यापेक्षा जाळायला उत्सुक आहे. थीफ स्वतःच्याच साथीदारांचे खिसे कापतो. आणि रेड मेजची ठाम श्रद्धा आहे, की आयुष्य फासे आणि गुणतक्ते यांच्यावरच चालतं.

गेमचे नियम खरोखर जगायचे म्हटले तर माणूस कसा होईल, याचं उत्तर म्हणजे तो रेड मेज. हे कॉमिक 2010 पर्यंत चाललं, बाराशेहून जास्त भाग झाले. काही विनोदांची सुरुवात एका वर्षी आणि शेवट कित्येक वर्षांनी, असंही त्यात घडलं. वाचकांनी तेवढा काळ धीर धरला. मोठा गेम जो सवडीने खेळतो, त्याला अशी वाट बघता येते.

(दृश्य: जुन्या गेममधल्या छोट्या पिक्सेल-आकृत्या. एक आकृती मोठी होत जाते, चौकोन मोजता येतात.)

आता ही आकृती नीट बघा. गेममध्ये हलणाऱ्या अशा छोट्या चित्राला स्प्राइट म्हणतात. हे चौकोन म्हणजे पिक्सेल, आणि ते मोजूनमापून मिळायचे. 1981 मध्ये 'डाँकी काँग' आला, तेव्हा शिगेरू मियामोतो यांच्यापुढे हीच अडचण होती. इवल्याशा जागेत माणूस दिसला पाहिजे. केस काढणं जमेना, म्हणून टोपी. तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून नाकाखाली मिशी. हात हलताना वेगळे दिसावेत, म्हणून अंगावर डंगरी. जगाला माहीत असलेला मारिओचा चेहरा या तीन तडजोडींतून आला.

व्यंगचित्रकार याच तडजोडी रोज करतो. काय ठेवलं म्हणजे माणूस ओळखू येईल, आणि काय गाळलं तरी चालेल? त्यामुळे मला नेहमी वाटतं, की जुन्या गेममधली माणसं जन्मतःच व्यंगचित्रं होती. संवादाचा फुगा तेवढा जोडायचा राहिला होता.

तो जोडणाऱ्यांत डेव्हिड अनेझ हे एक मोठं नाव. त्यांना हाताने चित्र काढून सुपरहिरोंची कॉमिक करायची होती. 1 एप्रिल 2000 ला त्यांनी 'बॉब अँड जॉर्ज' सुरू केलं, तेव्हा हातची चित्रं तयार नव्हती. तोवर जागा भरायला म्हणून त्यांनी 'मेगा मॅन' गेममधले स्प्राइट वापरले. मग हाताने काढायचा प्रयत्न झाला, तो काही जमला नाही, आणि तात्पुरते आलेले स्प्राइट कायमचे राहिले. जुलै 2007 मध्ये कॉमिक संपलं, तोवर अडीच हजारांवर भाग झाले होते. त्या काळात स्प्राइट कॉमिकची लाटच आली. चित्र काढता न येणाऱ्या कितीतरी मुलामुलींना पहिल्यांदा कळलं, की आपल्याला गोष्ट सांगता येते. त्यांतली बरीचशी कॉमिक कच्ची होती, दहा भागांत बंद पडली. तरीही मला त्या लाटेबद्दल फार माया आहे.

स्प्राइट वापरायचा एक पक्का नियम आहे. मोठं करायचं तर दुप्पट, तिप्पट, चौपट, असं पूर्ण पटीतच करायचं, आणि सॉफ्टवेअरला कडा गुळगुळीत करू द्यायच्या नाहीत. दीडपट केलंत, तर एक पिक्सेल जाड आणि शेजारचा बारीक होतो, चेहरा वाकडा दिसतो. फाइल पीएनजीमध्ये ठेवायची. जेपेगमध्ये ठेवली तर धारदार कडांभोवती राखाडी धूळ बसल्यासारखं दिसतं. ज्याचं त्या पिक्सेलवर प्रेम आहे, त्याला ही धूळ लगेच टोचते.

(दृश्य: दुसरी चौकट. तळं, हिरो गळ टाकून बसलेला. तिसरी चौकट. तेच तळं, तोच हिरो, झाडाची पानं गळालेली.)

माझ्या स्ट्रिपमध्ये मी स्प्राइट घेतलेले नाहीत. राजा आणि हिरो दोघंही मी काढलेले आहेत, कुठल्याही एका गेममधले नाहीत. दुसऱ्याच्या पात्रांवर कॉमिक करताना ती पात्रं शेवटी कंपनीच्या मालकीची असतात, याचं भान ठेवावं लागतं. क्लेव्हिंजर यांनीसुद्धा 'एट-बिट थिएटर' चालू असतानाच 2007 मध्ये 'अ‍ॅटॉमिक रोबो' ही पूर्णपणे नवीन पात्रांची कॉमिक मालिका लिहायला घेतली. पण माझं कारण आणखी सोपं आहे. वाट बघणारा राजा शंभर गेममध्ये आहे. कोणताही गेम खेळलेल्याला तो आपला वाटावा, अशी माझी इच्छा आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीत एकही शब्द नाही. दोन्हींत हिरोची बैठक तीच, बोटभरही बदल नाही. बदललंय फक्त झाड. मधल्या त्या पांढऱ्या पट्टीत अख्खा ऋतू गेला.

चार चौकटींची ही घडण जपानमध्ये फार जुनी आहे. तिथे तिला योनकोमा म्हणतात. सुरुवात, विस्तार, वळण आणि शेवट, अशी एकेका चौकटीची कामं ठरलेली. 1990 पासून तर 'ड्रॅगन क्वेस्ट'वरच्या योनकोमा विनोदांची पुस्तकं निघू लागली, आणि ती काढली खुद्द गेमच्या कंपनीने, एनिक्सने. स्वतःच्या वीरांची थट्टा कंपनीने स्वतः छापली! पुढे इंटरनेटवर इंग्रजीत 'पेनी आर्केड' आलं, 18 नोव्हेंबर 1998 ला. जेरी हॉल्किन्स लिहायचे, माइक क्रॅहुलिक काढायचे. दोन गेमवेडे मित्र सोफ्यावर बसून बोलतायत, एवढंच त्याचं रूप. याच कॉमिकच्या वाचकांच्या बळावर 2003 मध्ये 'चाइल्ड्स प्ले' ही संस्था उभी राहिली. ती रुग्णालयांतल्या मुलांपर्यंत खेळणी आणि गेम पोचवते.

पण चाहता आणि कॉमिक यांच्यातलं नातं किती खोल जाऊ शकतं, हे बघायचं तर 2010 कडे यावं लागेल.

(दृश्य: घाईने काढल्यासारख्या काळ्या रेषा. टोपी घातलेला मुलगा, शेजारी छोटा प्राणी.)

एक तरुण 'पोकेमॉन रुबी' पुन्हा खेळत होता. या गेममध्ये आपण पकडलेला पोकेमॉन, म्हणजे एक काल्पनिक प्राणी, लढाईत हरला, तर तो फक्त बेशुद्ध पडतो. पोकेमॉन सेंटरमध्ये नेला की क्षणात बरा, तेही फुकट. त्यामुळे हरण्याची भीती राहत नाही. त्याने स्वतःवर दोन नियम घातले. गेमच्या नकाशावरच्या प्रत्येक भागात जो पोकेमॉन पहिला समोर येईल, तेवढाच पकडायचा. आणि जो बेशुद्ध पडला तो मेला असं धरायचं, त्याला पुन्हा वापरायचं नाही. मग जे घडत गेलं ते त्याने कॉमिकमध्ये काढलं. रेषा ओबडधोबड होत्या, विनोद ठासून भरलेला होता. त्यातल्या नझलीफ नावाच्या पोकेमॉनला त्याने 'लॉस्ट' या टीव्ही मालिकेतल्या जॉन लॉकचा चेहरा दिला. दोन नावं एकमेकांत मिसळली आणि 'नझलॉक' हा शब्द झाला.

वाचणारे हसले. हसता हसता एखाद्या चौकटीत एक पोकेमॉन मरायचा, आणि वाचणारे थांबायचे. मग त्यांनी आपापला गेम काढला आणि त्याच दोन नियमांनी खेळायला घेतला. पकडलेल्या प्रत्येकाला नाव द्यायचं, म्हणजे जीव लागतो, हा नियमही रूढ झाला. आज नझलॉक ही पोकेमॉन खेळायची जगभर माहीत असलेली पद्धत आहे. गेमवरून कॉमिक निघालं आणि कॉमिकने गेम बदलला. कंपनीने कोडमधली एक ओळही हलवली नव्हती.

मी पहिल्यांदा नझलॉक खेळले, तेव्हा माझा पहिला पोकेमॉन तिसरा बॅज, म्हणजे गेममधला तिसरा मोठा टप्पा, जिंकण्याआधी गेला. त्या पोकेमॉनसाठी मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ गप्प बसले होते. त्याच गेममध्ये, त्याच आकृतीसाठी, आधी कितीतरी वेळा मी काही न वाटता पुढचं बटण दाबलं होतं.

(दृश्य: चौथी चौकट. सिंहासन, जाळीदार खिडकी. राजा हात उंचावून उभा, शेजारी पहारेकरी.)

आता चौथी चौकट. ही मी पाच वेळा काढली आहे.

पहिल्यांदा राजा चिडून ओरडत होता, "अजून आला नाही?" चित्र झालं, हसू आलं नाही. खलनायक चिडतो, हे तर सगळ्यांना माहीत आहे. मग त्याला झोपवलं. तेही पाहिलेलं वाटलं. तिसऱ्या खेपेला तो भाषणाची तालीम करत होता. जरा बरं होतं, पण फुगा एवढा मोठा झाला की राजाच दिसेना. चौथ्यांदा त्याच्या हातात गळ दिला, आणि गोष्ट माझ्याच हातून निसटली.

मग मी चित्र बाजूला ठेवलं आणि फक्त विचार केला. एखाद्यासाठी आपण महिनोन् महिने तयारी करून उभे आहोत, आणि तो येत नाही. पहिले काही दिवस राग येईल. त्यानंतर?

त्यानंतर काळजी वाटेल.

राजाचा हात अजून वरच आहे, ठरलेल्या पोजमध्ये. हात आणि मुकुट यांच्यामध्ये कोळ्याचं जाळं. झग्याच्या खांद्यावर धूळ. पण भुवया मी बदलल्या. आधी त्या नाकाकडे उतरत होत्या, आता मधोमध थोड्या वर उचलल्या. दोन रेषा फक्त. आणि तो पहारेकऱ्याला हळूच विचारतोय:

"जेवला असेल का रे तो?"

(दृश्य: फुग्यातली अक्षरं जवळून. ओळी सरकतात, पुन्हा बसतात.)

अक्षरांवर अर्धा तास गेला, आणि तो घालवावाच लागतो. इंग्रजी कॉमिकची अक्षरं बहुधा सगळी कॅपिटल, एका उंचीची. फुग्यात विटांसारखी रचता येतात. देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. दोन ओळी जवळ घेतल्या, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला जाऊन भिडतो. म्हणून ओळींत अंतर जास्त, म्हणून फुगा मोठा, म्हणून वाक्य छोटं. "त्याने काही खाल्लं असेल का, कोण जाणे" असं आधी लिहिलं होतं. फुग्यात बसेना. कापत कापत चार शब्दांपर्यंत आले, "रे" मागाहून घातला. त्या "रे"मुळे राजा आणि पहारेकरी इतकी वर्षं एका दालनात राहिलेत, हे मला कळलं. तोवर मलाही ते माहीत नव्हतं.

ही स्ट्रिप कधीच गेम न खेळलेल्या माझ्या मैत्रिणीला दाखवली. ती हसली. जेवायला उशीर करणाऱ्या माणसाची वाट तिनेही बघितली आहे. मग ज्याच्यासोबत गेली दहा वर्षं मी गेम खेळतेय त्या मित्राला दाखवली. तो आधी हसला, मग तिसऱ्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला, "याला पावसातला मासा मिळाला का?" त्या तळ्याकाठी तोही बसला होता. आम्ही दोघं तिथे एकाच वेळी कधीच नव्हतो, तरी ते तळं आमचं दोघांचं आहे.

(दृश्य: टॅबलेट बंद होतो. खोलीत टीव्हीचा निळसर उजेड. हातात कंट्रोलर.)

रात्री गेम लावला. हिरोला तळ्यावरून उठवलं, डोंगराच्या वाटेला लावलं. पुलावरच्या म्हाताऱ्याने पुन्हा सांगितलं, "घाई कर." या वेळी केली. वाटेत एकही पेटी उघडली नाही. पायऱ्या, लांब दालन, मोठं दार.

दार उघडलं. राजाने हात उंचावला.

"अखेर आलास."