कुंडीतली खसखस

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीत अनारसे थापताना सांडलेली खसखस कुणी सहज कुंडीत झटकावी आणि माघात तिथे कमरेएवढ्या रोपावर पांढरे फूल डोलताना दिसावे, असे आपल्या इंदूरच्या घरांतही घडू शकते. गेल्या वर्षी एका शेजारणीने मला असेच रोप कौतुकाने दाखवले. निळसर झाक असलेली गुळगुळीत पाने खोडाला कवटाळून बसली होती आणि पाकळ्या गळालेल्या जागी, माथ्यावर मुकुट असलेले हिरवे बोंड धरले होते. ते अफूचे रोप होते, हे ऐकून त्या बिचाऱ्या घाबरून गेल्या.

वाण्याकडून खसखस आणण्यास कोणतीही मनाई नाही. पण ज्या रोपाचे ते बी, ते रोप परवान्याशिवाय लावणे हा १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे आणि त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोका आणि गांजा यांच्या लागवडीलाही याच कायद्याच्या आठव्या कलमाने बंदी आहे. बागेत हौसेने लावतात ती केसाळ देठांची तांबडी पॉपी मात्र वेगळी, तिला कुणी हरकत घेत नाही. भांगेबद्दल पुष्कळांचा गोंधळ होतो. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बी गांजाच्या कायदेशीर व्याख्येत येत नाहीत, म्हणून आपल्या राज्यात भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात. तरीही त्याच झाडाची अंगणात लागवड करणे गुन्हाच ठरते.

माळव्याला अफू नवी नाही. एकोणिसाव्या शतकात होळकर, शिंदे आणि इतर संस्थानांच्या मुलखातली अफू मुंबईमार्गे चीनला जाई. कंपनी सरकारला हा व्यापार थांबवता आला नाही, तेव्हा त्याने पेट्यांवर जकात बसवली आणि त्या इंदुरात तोलल्या जाऊ लागल्या.

आज रतलामच्या पुढे मंदसौर आणि नीमचच्या शेतांत हे पीक पट्ट्यावर, म्हणजे सरकारी परवान्यावर, मोजून दिलेल्या जमिनीतच घेतले जाते. परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय १९६० पासून ग्वाल्हेरला आहे. फाल्गुनाच्या सुमारास दुपारी बोंडांना बारीक चिरा देतात, रात्रभर पांढरा चीक पाझरून तपकिरी होतो आणि सकाळी तो हलक्या हाताने खरवडून घेतात. गावचा लंबरदार, म्हणजे शेतकऱ्यांतूनच नेमलेला प्रमुख, त्याच्या वजनाची रोजच्या रोज नोंद ठेवतो. सारा चीक सरकारलाच द्यावा लागतो आणि ठरलेल्या प्रमाणापेक्षा उत्पन्न कमी भरले, तर पुढचा पट्टा हातचा जाऊ शकतो. गारपिटीत उभे पीक झोपलेल्या शेतकऱ्याला हा नियम फार जड जातो, पण सैल हिशेबातून चोरवाट फुटते हेही तितकेच खरे आहे.

एवढा पहारा ठेवूनही सरकार हे पीक बंद का करत नाही, असे त्या शेजारणीने मला विचारले होते. त्याचे कारण नीमचच्या सरकारी कारखान्यात दिसते. तिथे या चिकापासून मॉर्फीन आणि कोडीन ही वेदनाशामक औषधे वेगळी काढतात. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात रात्ररात्र कण्हणाऱ्या माणसाला मॉर्फीनच्या साध्या गोळीने झोप लागू शकते, आणि ती गोळी परवान्यांच्या जंजाळात अडकून पडू नये, यासाठी २०१४ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती करावी लागली.