कोकणातल्या लहान बँकेचा नफा आणि हप्त्याची तारीख

नमस्कार. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरील लहान सहकारी बँकांचा नफा का आटतो, ही चर्चा निघाली की बोलणे बहुधा व्याजदरावर येऊन थांबते. माझ्या मते आधी तपासायला हवी ती हप्त्याची तारीख.

सोयीसाठी असे धरा, की ठेवींवरचे व्याज आणि कामकाजाचा खर्च वजा जाता बँकेला 100 रुपयांच्या कर्जामागे वर्षाला 3 रुपये उरतात. मग एक लाखाचे एक कर्ज पूर्ण बुडाले, तर ते भरून काढण्यात सुमारे 33 लाखांच्या चांगल्या कर्जांची वर्षभराची कमाई जाते. तोटा मात्र कर्ज बुडण्याआधीच सुरू होतो. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरते, त्यावरचे न मिळालेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही आणि नागरी सहकारी बँकेला येणे रकमेच्या किमान 10 टक्के तरतूद करावी लागते, म्हणजे तेवढी रक्कम संभाव्य बुडितासाठी नफ्यातून बाजूला ठेवावी लागते.

हा नियम आता मासेमारी नौकेच्या कर्जाला लावून पाहा. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. 5 जूनचा हप्ता चुकला, तर 90 दिवस 3 सप्टेंबरला पूर्ण होतात. ऑगस्टमध्ये हंगाम उघडतो खरा, पण समुद्र खवळलेला असतो आणि पहिल्या मासळीचे पैसे डिझेल, बर्फ आणि खलाशांची उचल यांतच जातात. त्यामुळे उरलेले दहा महिने वेळेवर भरणारा नौकामालकही एनपीएच्या यादीत जाऊन बसतो, आणि तिथून बाहेर यायचे तर त्याला सगळी थकबाकी भरावी लागते. हा दोष कर्जदाराच्या हेतूचा नाही, वेळापत्रकाचा आहे, आणि मला तो फार खटकतो.

हापूसच्या बागायतदाराचेही तसेच आहे. पीककर्जाची थकबाकी हंगामावर मोजली जाते. पण त्यानेच भाड्याने चालवण्यासाठी विकत घेतलेल्या टेम्पोच्या कर्जाला 90 दिवसांचीच मोजणी लागू होते.

यावरचा उपाय कर्ज मंजूर करतानाच करावा लागतो. नौकेचे हप्ते ऑगस्ट ते मे या दहा महिन्यांत, बंदीच्या काळातले व्याज त्यांत धरून, बसवता येतात. कर्जदार अडचणीत आल्यावर तारखा बदलल्या, तर ती पुनर्रचना ठरून खात्याचा दर्जा घसरू शकतो. म्हणून कर्जाच्या अर्जात मासिक उत्पन्नाच्या एका रकान्याऐवजी बारा महिन्यांचे बारा रकाने असावेत आणि ते शाखाधिकाऱ्याने अर्जदारासमोर बसून भरून घ्यावेत.

ठेवींबद्दल थोडक्यात सांगतो. चाकरमान्यांच्या आणि निवृत्तांच्या मुदत ठेवी बँकेला आधार देतात, पण त्या महाग पडतात. मासळीचे व्यापारी, बर्फ कारखानदार आणि आंब्याचे अडते यांची रोजची उलाढाल चालू खात्यांतून होऊ लागली, तर बिनव्याजी पैसा हाताशी राहतो. त्यासाठी यूपीआय आणि मोबाइल बँकिंग अडखळता कामा नये.

शाखेच्या तिजोरीत रात्री पडून राहणारी रोकडही खर्चच असते, कारण तिच्यावर व्याज मिळत नाही. आडवळणाच्या गावातल्या शाखेत, रोकड जमा करण्याचे ठिकाण दूर असल्याच्या कारणाने, ती साठू दिली जाते. मासळी आणि आंब्याच्या हंगामात तिची मर्यादा वाढवावी आणि पावसाळ्यात उतरवावी. वर्षभर एकच आकडा ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.