श्चेद्रिक: नाताळाआधीचं गाणं

(पडद्यावर: पेटीच्या पट्ट्या)

कोमल ग, रे, कोमल ग, सा. डिसेंबर लागला की अमेरिकेत दुकानांपासून चर्चपर्यंत हे चार स्वर घुमतात. गाण्याचं नाव ‘कॅरल ऑफ द बेल्स’. मूळ युक्रेनी ‘श्चेद्रिक’मध्ये मात्र ना नाताळ आहे, ना घंटा. त्यात भिंगरी पक्षी उडत येतो आणि घरधन्याला हाक मारतो: बाहेर ये, मेंढवाडा बघ, मेंढ्या व्यायल्यात, यंदा पैका येणार! भिंगरी परतते वसंतात. नवं वर्ष वसंतात धरायचे, त्या काळचं हे गाणं. पुढे ते जुन्या पंचांगाच्या वर्षअखेरीला, १३ जानेवारीच्या संध्याकाळी दारोदार म्हटलं जाऊ लागलं.

युक्रेनी संगीतकार मिकोला लिओंतोविच यांनी त्यावर बांधलेली समूहगानाची रचना डिसेंबर १९१६ मध्ये कीव्हच्या विद्यार्थी गायकवृंदाने प्रथम गायली. तिची सारी गंमत लयीत आहे. मात्रा तीन: पहिलीवर कोमल ग, दुसरीत रे आणि कोमल ग अर्धे-अर्धे, तिसरीवर सा. आता त्याच सहा अर्ध्या मात्रा तीन-तीन करून मोजा. दोन्ही आघात कोमल ग वरच येतात! ही दुहेरी लय ऐकू यायला हवी. गायकांनी तिन्ही मात्रा ठोकून म्हटल्या की ती मरते. दुसरी अडचण सुराची. रे वरून परतताना कोमल ग किंचित उतरला, तरी आवर्तनागणिक अख्खा वृंद खाली सरकतो.

जानेवारी १९२१ मध्ये मार्किव्का गावी, वडिलांच्या घरात, सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने लिओंतोविच यांना गोळी घातली. ५ ऑक्टोबर १९२२ रोजी ओलेक्सांद्र कोशित्स यांच्या वृंदाने न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये श्चेद्रिक गायलं, ते ऐकायला लिओंतोविच नव्हते. घंटांचे इंग्रजी शब्द पीटर विल्हाउस्की यांचे, १९३६ सालचे. चाल टिकली, भिंगरी गेली.

१९४० मध्ये अमेरिकन गायिका डायना शोर यांनी गाजवलेलं ‘येस, माय डार्लिंग डॉटर’ही युक्रेनी चालीवरचं. त्यात मुलगी आईकडे नाचायला जायची परवानगी मागते. मूळ गीतात मुलगी रविवारी मुळी खणते, सोमवारी धुते, मंगळवारी उकळते आणि बुधवारी प्रियकर ग्रित्सला विष देते. शनिवारी आई मारत विचारते, असं का केलंस? मुलगी म्हणते, त्याने दोघींवर प्रेम का करावं?